करमत नाही हो बाई!

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावेत असा निरोप आपल्या चिटणीसबाईंनी पाठविला आणि विषय माझ्यावरच सोपविला. थंडीचे दिवस आहेत, तेव्हा काही हलकेफुलके, करमणुकीचे सांगा, एवढीच त्यांची सूचना होती. ती मी शब्दशः पाळणार आहे. मी करमणुकीवरच बोलणार आहे, मात्र ती आपली करमणूक नव्हे. नाशिक शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हिवाळा म्हणजे चैनीचा काळ. हुर्डा, भोगीची भाजी, तिळगूळ, हळदीकुंकू, कालिदास कलामंदिरातली नाटके. दिवस कसे जातात ते कळतदेखील नाही. मी सांगणार आहे ते आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरात, खेड्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या हिवाळ्याविषयी. १९८८ पासून २०१४ पर्यंत मी अशा एका कॉलेजात मराठी शिकविले आणि त्यातली बरीच वर्षे मुलींच्या वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे होती. त्यामुळे जे सांगेन ते पाहिलेले सांगेन.

आधी एका शब्दाविषयी. 'करमणूक' म्हटले की आपल्याला सिनेमा, गाणी, हसणेखिदळणे आठवते आणि ती गोष्ट कामधाम झाल्यावरची, नसली तरी चालेल अशी वाटते. पण हा शब्द 'करमणे' या क्रियापदापासून आला आहे. माहेरवाशीण सासरी गेली की आई पहिल्या पत्रात काय विचारते? "तुला तिथे करमते ना?" तिथे पंखा आहे का, पलंग आहे का, हे ती नंतर विचारते. करमणे म्हणजे जीव लागणे, ती जागा आपली वाटणे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले, त्याचे नाव त्यांनी 'करमणूक'च ठेविले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही यमूची करुण कहाणी त्याच साप्ताहिकातून क्रमाक्रमाने वाचकांपुढे ठेविली. म्हणजे करमणूक हा शब्द तेव्हाही केवळ वेळ घालविण्यापुरता नव्हता. आमच्या वसतिगृहात मी सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते म्हणाल, तर "करमत नाही हो बाई!" हेच. आणि ते नेमके हिवाळ्यातच ऐकू येई.

हिवाळ्यातच का, ते सांगते. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सुरगाणा नव्वदच्या आसपास. सावळघाट, कोटंबी घाट ओलांडला की मुलूखच निराळा. पावसाळ्यात तिकडे मरणाचा पाऊस. मुली भाताच्या आवणीला घरी जाऊन येतात, कॉलेज भरते-न-भरते, दिवस पळतात. मग दिवाळी येते. दिवाळीची सुट्टी संपवून मुली परततात तोवर खाचरे रिकामी झालेली, नागली-वरई खळ्यात आलेली असते आणि थंडी पडू लागते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, उगवतो सातनंतर. म्हणजे तेरा तासांची रात्र! त्यातली झोप आठ तासांची धरा. उरलेले पाच तास वीस-वीस, तीस-तीस मुलींनी काय करावयाचे? अभ्यास करावा, असे आपण म्हणाल. आम्हीही म्हणत होतोच. पण वीज संध्याकाळी हटकून जाई आणि रॉकेलच्या दिव्यापाशी कुडकुडत किती वेळ वाचणार? शिवाय अठरा वर्षांच्या मुलीने सलग पाच तास अर्थशास्त्र वाचावे ही अपेक्षा आपण आपल्या घरच्या मुलीकडून तरी करतो का?

मुलांचे तसे नव्हते. मुलांना बसस्टँडवरची चहाची टपरी होती, व्हॉलीबॉलचे मैदान होते, गावात भजन असले तर तिथे जाऊन बसता येत होते. मुलींचे फाटक दिवेलागणीला बंद होई. ते बंद करणे आवश्यकच होते. पालकांनी आमच्या भरवशावर मुली ठेवलेल्या होत्या. पण फाटक बंद केले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानणे मला कधी पटले नाही. आत कोंडलेल्या मुलींना आत काही तरी दिले पाहिजे.

हे 'काही तरी' किती महत्त्वाचे असते ते मला दाखल्यांच्या रजिस्टरावरून कळले. आमच्याकडून ज्या मुली अर्ध्यावर कॉलेज सोडून गेल्या, त्यांतल्या बऱ्याचजणी दिवाळी आणि संक्रांत यांच्या दरम्यान गेल्या. कारणे उघड आहेत. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. तिकडे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतरची कामे निघतात, मग जानेवारीपासून काढणी. सुरगाणा, पेठ, कळवणकडची घरेच्या घरे मजुरीला तिकडे उतरतात आणि घरच्यांबरोबर कमावत्या हातांची मुलगीही जाते. ही कारणे गरिबीची आहेत, ती गाण्यागोष्टींनी दूर होत नाहीत, हे मी जाणून आहे. पण एक गोष्ट मी वारंवार पाहिली. जिला वसतिगृहात करमत असे ती मुलगी घरच्यांशी भांडत असे, रडत असे, "परीक्षेनंतर येते" म्हणून सांगत असे. जिला करमत नसे ती बाप न्यायला आला की मुकाट्याने पेटी उचलीत असे. बापाला 'नाही' म्हणावयाचे बळ कोठून तरी यावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी खेड्यातल्या शिक्षणाचा पाया घातला त्या थोर माणसांना हे चांगले ठाऊक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहाला शाळेइतकाच मान दिला. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र दळणकांडण करीत, एका पंक्तीला जेवीत, तिथेच त्यांचे अर्धे शिक्षण होई. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला १९५२ साली मौनी विद्यापीठ उभे राहिले, त्यामागे जे. पी. नाईकांसारखा शिक्षणतज्ज्ञ होता. आपल्या जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून काम करीत आला. दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळामार्फत आदिवासी मुलांसाठी शाळा, आश्रम काढले. पेठच्या कॉलेजला आज त्यांचेच नाव आहे. या मंडळींनी विद्यार्थ्याच्या चोवीस तासांचा विचार केला. पुढे कॉलेजे वाढली, इमारती झाल्या, पण विचार मात्र अकरा ते पाच एवढाच राहिला. संध्याकाळ कोणाच्याच खात्यात नाही.

आता आम्ही काय केले ते सांगते. त्यात नवल काही नाही, पैसाही फारसा लागला नाही.

पहिली गोष्ट शेकोटी. वसतिगृहाच्या नियमांत आवारात जाळ करण्यास मनाई होती आणि ती योग्यच होती. मी प्राचार्यांना विनंती केली की, जागा ठरवून देऊ, भोवती दगड लावू, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवू, सात वाजता पेटेल नि साडेआठला मी स्वतः विझवीन. त्यांनी महिनाभर विचार केला आणि होकार दिला. लाकूडफाटा मुली रविवारी गोळा करून आणीत. शेकोटी पेटली त्या दिवसापासून वसतिगृहाचे स्वरूप पालटले. खोल्यांत चार-चार, पाच-पाचजणी आपापल्या गावच्या गोतावळ्यात बसत, त्या एका रिंगणात आल्या. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, मराठा, सगळ्या एका जाळापाशी. हरभऱ्याचे घाटे असले तर हुळा भाजावा, रताळी निखाऱ्यात पुरावीत, नाही तर नुसते हात शेकावेत. कोडी घालणे, उखाणे घेणे, गाण्याच्या भेंड्या आपोआप सुरू झाल्या. त्यांचे वेळापत्रक कोणी केले नाही.

दुसरी गोष्ट कथांची. आपल्याला ठाऊक असेल, कोकणा समाजात कणसरी ही धान्याची देवी. तिची कथा रात्ररात्र चालते. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेण लावून त्यात एक काडी उभी करतात. ती काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढली की थाळीतून एक घुमणारा सूर निघतो आणि त्या सुरावर कथा सांगणारा कथा सांगतो. एका संध्याकाळी मी सहज विचारले, "कणसरीची कथा कोणाला येते?" सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग पहिल्या वर्षातली एक मुलगी, जी वर्गात हजेरीलादेखील मोठ्याने 'हजर' म्हणत नसे, हळूच म्हणाली, "आजी सांगते, मला थोडी येते, पण बाई, ती आमच्या बोलीत आहे." मी म्हटले, "मग आमच्या बोलीत कशाला हवी? तुझ्याच बोलीत सांग."

भगिनींनो, या 'पण'मध्ये पुष्कळ काही होते. या मुलींची बोली ऐकून शहरातून आलेले शिक्षक हसतात, बसमधले लोक हसतात, बाजारातले दुकानदार हसतात. म्हणून मुली कॉलेजात गप्प राहावयास शिकतात आणि आपण प्रगतिपुस्तकात लिहितो, 'विद्यार्थिनी अबोल आहे.' त्या रात्री त्या अबोल मुलीने तासभर कथा सांगितली. मला अर्धीमुर्धीच कळली. जिथे मला कळत नसे तिथे इतर मुली मला समजावून देत आणि बाईंना आपण शिकवितो आहोत याचा त्यांना कोण आनंद! दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना आपापल्या आज्यांच्या गोष्टी आठवल्या. त्या वर्षी आम्ही जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर अशा गोष्टी उतरवून काढल्या. तिथून पुढे वर्गातही त्या मुलींचे तोंड उघडले. परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला असे मी म्हणत नाही. पण त्या प्रश्न विचारू लागल्या आणि शिकविणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे असते?

तिसरी गोष्ट मोठ्याने वाचनाची. ग्रंथालयातली पुस्तके मुली नेत आणि न वाचता परत करीत. मला वाटले, एकटीने वाचण्याची सवय नसेल तर सगळ्यांनी मिळून वाचावे. पुस्तक निवडले लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. निवड मुद्दाम केली होती. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, आपल्या त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरचा. म्हणजे बाई आपल्याच जिल्ह्यातल्या. शिवाय त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, लग्नानंतर लिहावाचावयास शिकल्या आणि तरीही मराठीतले एक थोर आत्मचरित्र त्यांच्या हातून झाले. रोज दहा पाने, एकीने वाचावयाचे, बाकीच्यांनी ऐकावयाचे, असा नेम ठेविला. पहिले दोन दिवस चुळबुळ झाली. मग लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा भाग आला आणि मुली जी हसू लागल्या ती थांबेनात. पुढे नवरा-बायकोची ताटातूट आली तेव्हा त्याच मुली डोळे पुसू लागल्या. वीज गेली की मेणबत्ती लावून वाचन चाले. "बाई, आजचे दहा झाले, पण उद्याचे दहा आताच वाचू या," असा आग्रह होई.

आमच्या स्वयंपाकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुस्तक संपत आले तेव्हा एके दिवशी त्या मुलींना म्हणाल्या, "ती बाई एवढ्या उशिरा शिकली, मग मला काय धाड भरली आहे?" मुलींनी पाटी आणली. होळीपर्यंत स्वयंपाकीणबाई पगाराच्या पावतीवर अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. त्यांची ती पहिली सही मुलींनी रांग लावून पाहिली.

चौथी गोष्ट अंगमेहनतीची. थंडीत अंथरुणातून उठवत नाही, ही तक्रार सगळ्यांची. पण पहाटे मैदानावर दोन फेऱ्या मारल्या, लंगडी, खो-खो खेळले की दिवसभर अंगात ऊब राहते. सुरुवातीला मुली लाजत. पुढे २०१० साल आले आणि आपल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात ब्राँझपदक मिळविले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या पाड्यावरची मुलगी जगापुढे धावली, ही बातमी आमच्या आवारात आली आणि पहाटे पाचला मलाच मुली उठवू लागल्या!

पाचवी गोष्ट बाहेरच्या जगाशी नाते ठेवण्याची. हिवाळा हा खेड्यातला खरा उत्सवाचा काळ. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. पावरी या भोपळ्या-बांबूच्या वाद्याच्या सुरावर गावोगाव रिंगण धरून रात्रभर नाच चालतो. तो सूर वाऱ्यावर वसतिगृहापर्यंत ऐकू येई आणि मुलींची घालमेल होई. "हे कॉलेज आहे, इथे देवदेव चालणार नाही," असे आमच्यातल्या काही प्राध्यापकांचे मत. माझे म्हणणे असे की, जो उत्सव आईबाप पाळतात तो मुलीने चोरून पाहावा अशी पाळी आपण का आणावी? अखेर पालकांची चिठ्ठी आणि गावातल्या दोन पोक्त बायांची सोबत, अशा अटींवर मुली एक रात्र जवळच्या पाड्यावर जाऊ लागल्या. एकदा मीही गेले. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. कडाक्याच्या थंडीत पायी जाणाऱ्या दिंड्यांना चहा देण्याचे काम मुलींनी आपणहून घेतले आणि बदल्यात त्यांना अभंग ऐकावयास मिळाले. येवल्याची मुलगी वसतिगृहात आली त्या वर्षी संक्रांतीला आसारीवर दोर कसा गुंडाळावयाचा याचे धडे सर्वांना मिळाले. येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचा कल्लोळ असतो, हे आमच्या डोंगरातल्या मुलींना नवीनच होते.

याच काळात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर असते. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दिवसा श्रमदान, रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालावयाचा, आणि रात्री गावकऱ्यांपुढे कार्यक्रम. मुलींनी आपल्या गोष्टींतून छोटी नाटुकली बसविली होती. ती त्यांनी तिथे केली. समोर गावच्या बाया मुलांना पोटाशी घेऊन घोंगड्या पांघरून बसत. आपली बोली लाऊडस्पीकरवरून ऐकून म्हाताऱ्या आधी चपापत आणि मग तोंडाला पदर लावून खुदकन हसत.

स्नेहसंमेलनाविषयी एकच सांगते. शेलापागोटे हा प्रकार आपल्याला माहीत आहे. अलीकडे त्याला फिशपाँड म्हणतात. त्यात एका वर्षी एका मुलीच्या रंगावरून आणि बोलण्यावरून भर सभेत काही वाचले गेले. सारे सभागृह हसले. दुसऱ्या दिवशी मुलगी पेटी बांधून तयार! तिला थांबविण्यास आम्हाला तीन दिवस लागले. पुढल्या वर्षापासून चिठ्ठ्या आधी पाहण्याचे काम दोन मुली आणि दोन मुले यांच्या मंडळाकडे दिले. करमणूक कोणाची आणि कोणाच्या जिवावर, हे पाहिलेच पाहिजे.

आता ज्या कथा सांगणाऱ्या मुलीचा उल्लेख केला तिचे पुढे काय झाले ते सांगते, नाही तर आपल्याला चुटपुट लागेल. पौष महिन्यात तिचे वडील तिला न्यायला आले. दिंडोरीकडच्या बागेत काम ठरले होते, मुकादमाची उचल घेतलेली होती, दोन हात कमी पडत होते. शेवटची एस. टी. निघून गेलेली, म्हणून ते रात्री पहारेकऱ्याच्या खोलीत राहिले. शेकोटी पेटली तेव्हा आम्ही त्यांनाही बोलाविले. मुलीने त्या रात्री कथा सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच एका जागी ती अडखळली, तेव्हा पुढला शब्द त्यांनी सांगितला. कथा संपल्यावर एवढेच म्हणाले, "माझ्या आईची हाये."

यानंतर ते मुलीला ठेवून निघून गेले असे मी सांगितले तर आपल्याला आवडेल. पण तसे झाले नाही. उचल फेडावयाची होती. सकाळच्या बसने दोघे गेली. मात्र निघताना त्यांनी मला परीक्षेची तारीख विचारली आणि ती कागदावर लिहून घेतली. तीन आठवड्यांनी मुलगी आपणहून परत आली. कात्री धरून धरून बोटांना घट्टे पडले होते. आली ती थेट शेकोटीपाशी, आणि पहिला प्रश्न, "बाई, 'स्मृतिचित्रे' कुठपर्यंत आले?" ती पदवीधर झाली. आज एका आश्रमशाळेत शिकविते. तिच्याबरोबर त्याच वर्षी गेलेली दुसरी एक मुलगी मात्र परत आली नाही. तिला आणावयास मी तिच्या पाड्यावर गेले होते. तिचे लग्न ठरले होते. शेकोटीने सर्व साधते असे मी म्हणत नाही, ते एवढ्याचसाठी.

आपण म्हणाल, बाई, ही जुनी कहाणी झाली. आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. करमणुकीची वाण कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. माझ्या शेवटच्या वर्षांत मोबाइल आले होते. टेकडीवरच्या एका दगडापाशी रेंज येई, तिथे मुलींची रांग लागे. पुढे रेंज खोलीत आली आणि आठ मुली आठ पांघरुणांत आठ निरनिराळ्या जागी गेल्या. मन रमविण्याचे ते साधन आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण त्यातही "करमत नाही हो बाई" हे वाक्य मला ऐकू येतच होते, उलट रात्री अधिक उशिरा. आम्ही त्या मोबाइलला कामाला लाविले. सुट्टीत घरी जाताना प्रत्येकीने आजीची एक गोष्ट किंवा एक जात्यावरची ओवी ध्वनिमुद्रित करून आणावी, असे सांगितले. त्या आज्यांपैकी कितीतरी आज हयात नाहीत. त्यांचे आवाज नातींपाशी आहेत.

तर भगिनींनो, आपल्या मंडळाने काय करावे, या मुद्द्यावर येते. नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. इथे कुसुमाग्रज राहिले, वसंत कानेटकर राहिले. नाटक, व्याख्यान, गाणे यांची इथे ददात नाही. आणि दोन घाट ओलांडले की मुलींना संध्याकाळी वाचावयास एक धड पुस्तक मिळू नये, हे आपल्याला शोभत नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

एक, पुस्तकांची पेटी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम आपल्या नाशकातच सुरू केला आणि त्याच्या पेट्या परदेशापर्यंत गेल्या. आपणही एका वसतिगृहासाठी एक पेटी भरावी आणि दर हिवाळ्यात ती बदलावी. माळ्यावरची फाटकी क्रमिक पुस्तके त्यात नकोत. मोठ्याने वाचता येतील अशी पुस्तके हवीत.

दोन, आपण स्वतः जावे. मार्गशीर्षापासून माघापर्यंत दर महिन्याला दोघी-दोघींनी एक रात्र वसतिगृहात राहावे. प्राचार्यांची आणि वसतिगृहाच्या बाईंची परवानगी आधी काढावी, पांघरूण आपले न्यावे, जेवण मुलींच्या पंक्तीला घ्यावे. भाषण करू नये! मी आता करीत आहे तेवढे पुरे. शेकोटीपाशी बसावे, आपल्या लहानपणीची एक गोष्ट सांगावी आणि त्यांच्या दोन ऐकाव्यात. विणकाम येत असेल तर सुया न्याव्यात. थंडीत त्याचा उपयोग लगेच कळतो. जुनी लुगडी वाटून परत येण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते मंडळाला सांगते आहे.

तीन, त्यांनाही इकडे बोलवावे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपली हळदीकुंकवे चालतात. एका हळदीकुंकवाला वसतिगृहातल्या मुलींना बोलावू या आणि त्या दिवशी वाण म्हणून त्यांच्याकडूनच एक कथा घेऊ या. थाळीच्या नादासकट. आपल्या मुलींनाही कळेल की, नाशिक जिल्हा पंचवटीपाशी संपत नाही.

खर्चाचा हिशेब मी चिटणीसबाईंना लिहून देईन. पेटी, बसभाडे आणि शेंगा, याहून मोठी कलमे त्यात नाहीत. आज सभा संपल्यावर पहिल्या फेरीसाठी दोन नावे मिळाली तर वर्धापनदिन सत्कारणी लागला असे मला वाटेल. एक नाव माझे लिहा. दुसरे आपल्यातून हवे आहे.